फोल्डिंग खात्याचा संघ

भिवंडीजवळच्या दिघाशी गावच्या सोमा गायकवाडला कबड्डी कुणी शिकवली नाही. भाताची कापणी झाली की गावातली पोरं मोकळ्या खाचरात काठीनं रेघा मारायची, आणि त्या रेघांच्या आतच सोमा मोठा झाला. अंगानं काटकुळा, पण पाय असे की समोरच्यानं झेप घ्यावी आणि त्याच्या हाती नुसती माती यावी. त्याची आई शांताबाई बायकांत सांगायची, "लहानपनी याला आंगोळ घालाची म्हंजी आख्खा पाडा लागायचा धराया."

एक्याऐंशी साली जवळच्याच कोन गावच्या मैदानावर स्पर्धा होती. सोमा दिघाशीकडून खेळला आणि एकट्यानं समोरचा अख्खा संघ बाद करून आला. सामना संपल्यावर जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक गृहस्थ त्याला शोधत आले. ते सुधीर ओक. राहायला भिवंडीच्या ब्राह्मण आळीत, नोकरी वैजयंत प्रोसेसर्समध्ये लेबर ऑफिसरची. स्वतः आयुष्यात कधी मैदानात उतरले नव्हते, पण कबड्डीचं वेड असं की घरचं लग्न सोडून सामन्याला येतील.

"नोकरी करतोस का?" त्यांनी विचारलं.

"कसली, साहेब?"

"खेळायची."

सोमाला वाटलं, साहेब थट्टा करतायत. पण थट्टा नव्हती. पुढच्याच महिन्यात तो वैजयंतच्या गेटातून आत गेला.

भिवंडीच्या मागांवर विणलेलं कोरं कापड कोनला वैजयंतमध्ये यायचं. तिथं ते धुतलं जायचं, रंगवलं जायचं, छापलं जायचं, आणि शेवटी फोल्डिंग खात्यात मोजून, घडी घालून, शिक्का मारून बाहेर पडायचं. सोमाला याच शेवटच्या खात्यात घातलं. नोकरी रीतसर, पण एक सवलत होती: चार वाजले की संघातल्या खेळाडूंनी हातातलं काम टाकून सरावाला जायचं.

काम टाकलं तरी कापड थोडंच थांबतं? ते मशीनवरून येतच राहायचं. सोमाची जागा रिकामी झाली की शेजारचे सरकून उभे राहायचे आणि त्याच्या वाटच्याही घड्या घालायचे. खात्यात सगळ्यात जुना माणूस कोनचाच अनंता भोईर. पहिल्या दिवशी सोमा घुटमळत उभा राहिला, तेव्हा अनंतानं त्याच्या हातातलं कापडाचं टोक काढून घेतलं.

"जा रं. तुझ्या वाटचं आमी घालू. तू फक्त हरून येऊ नको."

हे एक दिवसाचं नव्हतं. वर्षानुवर्षं चाललं. सोमाला मोबदल्यात काही द्यावं लागलं नाही, आणि कुणी कधी उपकार म्हणून बोललंही नाही. संघ जिंकून आला की फोल्डिंगमधली झाडलोटीची काशी दारातच त्याची दृष्ट काढायची. कप मात्र शेठच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात जायचा. फोल्डिंगवाल्यांना तो बाहेरून, पडदा हलला तर दिसायचा. तरी सगळे म्हणायचे, "आपला कप."

सोमाचं लग्न झालं. बायको द्रौपदी. दोघांनी भिवंडीत, नारपोलीला खोली घेतली. भिंतीपलीकडे मागांचा खडखडाट अखंड चाले, इतका की एखाद्या दिवशी वीज गेली आणि माग थांबले तर तान्ही पोरं दचकून उठायची. द्रौपदी तिथल्याच एका कारखान्यात कांड्या भरायला जायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायला. दोघांचं चांगलं चाललं होतं. सोमा संघाचा कप्तान झाला. बाजारात लोक ओळखून चहा पाजू लागले.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याला वैजयंतमध्ये मशीनची पूजा झाली. मालक रामनाथशेठ माइकवर उभे राहिले. म्हणाले, वैजयंतनं इतका नफा जन्मात कधी पाहिला नव्हता. गुजरातमध्ये नवा प्लांट उभा राहतोय, पुढचं वर्ष कंपनीचं पंचविसावं, रौप्यमहोत्सव थाटात करू. "ये सब आपकी मेहनत है. वैजयंत एक कुटुंब आहे!" टाळ्या पडल्या. प्रत्येकाला पेढ्यांचा पुडा आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. अनंतानं घड्याळ सायकलच्या कॅरिअरला असं जपून बांधलं, जणू तान्हं मूल घेऊन चाललाय.

दिवाळी झाली आणि बोर्डावर नोटीस लागली. फोल्डिंग खातं बंद. ते काम यापुढं कंत्राटदाराची माणसं करतील. खाली नावं दिलेल्या कामगारांचा हिशोब टाइम ऑफिसात तयार आहे.

लोकांनी नोटीस वाचली, दुसऱ्याकडून वाचून घेतली, परत वाचली. युनियनचा पुढारी म्हणाला, "मी बघतो." त्याच संध्याकाळी तो शेठच्या गाडीतून उतरताना दिसला, तेव्हा त्यानं काय बघितलं हे सगळ्यांना कळलं. गेटासमोर घोळका जमला. कुणी रडत होतं, कुणी आयमाय काढत होतं. अनंता कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. तो रस्त्याकडेच्या दगडावर चढला.

"धंदा बुडला आसता त मी गुमान घरी गेलो आसतो. बुडत्या होडीतून उतर म्हनलं, त कोन बी उतरंल. पन होडी मासळीनं भरलीय. ती आमीच भरली. आन आता काठ जवल आला त आमालाच पान्यात ढकलतान? मी न्हाय उतरत!"

नोटिशीत सोमाचं नाव नव्हतं. त्याची बदली स्टोअरमध्ये झाली होती. खेळाडू कंपनीला हवे होते. तो तडक सुधीर ओकांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, फोल्डिंगची सगळी मानसं गेली. मी कसा ऱ्हायलो?"

"तुझं नाव मी काढून घेतलं," ओक हळू आवाजात म्हणाले. "त्यासाठी मला काय काय बोलावं लागलं, तुला कल्पना नाही."

"आन अनंतादादाचं?"

"सगळ्यांचं कसं काढणार, सोमा? तू वेगळा आहेस."

"मी वेगला न्हाय, साहेब. मी चार वाजता निघून जायचो. माझ्या वाटचं काम त्यांनी केलं. खरं बघाल त फोल्डिंगमधी सगल्यात कमी काम माझंच. कमी कराचा त पयला मलाच कराचा."

ओकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कंपनी तोट्यात असती तर मी तुला समजावलं असतं," ते म्हणाले आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. ते कागदात डोकं घालून बसले.

सोमा स्टोअरमध्ये जाऊ लागला. सकाळचा भोंगा झाला की गेटाबाहेर फोल्डिंगची माणसं कामाच्या कपड्यांत, डबा घेऊन हजर असायची. वॉचमन आत सोडायचा नाही. ती तिथंच उभी राहायची, दुपारी तिथंच डबा खायची, सुटीच्या भोंग्याला घरी जायची. "आमी ड्युटीवर हाव," अनंता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "कंपनीच गैरहजर हाय." त्यांच्या डोळ्यांदेखत कंत्राटदाराच्या टेम्पोतून परप्रांतातली माणसं उतरायची आणि खाली मान घालून आत जायची. आणि सोमाही आत जायचा. सुरुवातीला कुणी काही बोललं नाही. मग हळूहळू माना फिरायला लागल्या. एक दिवस रौप्यमहोत्सवासाठी शिवलेला नवा कोरा, पाठीवर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव लिहिलेला शर्ट घालून तो सरावाला निघाला, तेव्हा काशीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कप्तान, शर्ट चांगला हाय," ती म्हणाली. "आमच्या घड्या करूनच शिवलाय नं?"

मैदानात आजवर कुणी सोमाला असा उताणा पाडला नव्हता.

तो घरी आला. द्रौपदीनं भाकर वाढली, त्यानं ताट सरकवलं.

"नोकरी सोडाचा इचार हाय जनू," ती म्हणाली.

"सोडून काय व्हनार? शेठला बरंच होईल. आनखी येक कमी."

"मंग?"

"फायनल हाय कंपनीच्या ग्राउंडवर. शेठ, पावनं, समदी येनार. तवाच काय त कराचा."

द्रौपदी बराच वेळ चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पदरचं पोर अजून लहान होतं. कांड्या भरून घर चालत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"आवो," शेवटी ती म्हणाली, "तुमच्या वाटचं काम त्यांनी केलं, तवा आपल्या घरात भाकर आली. ती मी बी खाल्ली. म्हून मी आडवी येत न्हाय. पन जे कराल ते समोरून करा. मागून दगड मारून याल त या घरात पाय ठेवू नका."

मग तिनं सरकवलेलं ताट पुन्हा त्याच्यापुढं ओढलं, आणि सोमा जेवला.

फायनल फेब्रुवारीत होती. औद्योगिक कामगारांची जिल्हा स्पर्धा, आणि वैजयंतची गाठ अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीशी. मैदानाला पताका, मांडवात गादीच्या खुर्च्या, ठाण्याहून आलेले पाहुणे, वर्तमानपत्रांचे दोन फोटोवाले. मधल्या खुर्चीत रामनाथशेठ. गेटाबाहेर फोल्डिंगची माणसं उभी होती, आणि त्यांच्यापुढं लाठीवाले वॉचमन.

संघाचं नाव पुकारलं गेलं. सहा जण रेघेशी येऊन उभे राहिले. सातवा, कप्तान, मैदानाकडे पाठ करून गेटाकडे चालत गेला आणि गजांना धरून उभा राहिला.

ओक धावत आले. "सोमा, हे काय? पंच वाट बघतायत."

"साहेब, गेट उघडा. आमची मानसं भायेर हायेत."

"ती आता कंपनीची नाहीत."

"कंपनीची नसतील. माझी हायेत. ती बघाया नसतील त मी खेलत न्हाय. माझा पाय मोडलाय म्हून सांगा शेठला, न्हाय त खरं काय ते सांगा."

लाऊडस्पीकरवाला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नाव पुकारत होता. पाहुणे माना वळवून बघायला लागले. फोटोवाला उठला. ओक मांडवात गेले, शेठच्या कानाशी वाकले. पाहुण्यांसमोर हसरा चेहरा ठेवून शेठनं नुसती मान हलवली. ओकांनी तिथूनच वॉचमनला हात केला, आणि गेट उघडलं.

फोल्डिंगची माणसं आत आली. कुणी घोषणा दिली नाही. ती सरळ मैदानाच्या कडेला मातीत जाऊन बसली, अनंता सगळ्यांत पुढं.

सोमा रेघेशी आला. तिथं त्यानं तो सोनेरी अक्षरांचा शर्ट अंगातून काढला. उकिडवा बसला आणि मांडीवर त्यानं त्याची नीट घडी घातली, टोकाला टोक जुळवून, हातानं सुरकुती मोडून, फोल्डिंगच्या टेबलावर घालतात तशी. ती घडी त्यानं शेठच्या मांडवापुढं नेऊन ठेवली आणि उघड्या अंगानं परत फिरला. बाकीचे सहा जण एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग अनंताचा पुतण्या राघो, जो कोपऱ्यात खेळायचा, त्यानंही शर्ट उतरवला. मग तिसरा. शेवटी सातही घड्या एकीवर एक रचल्या गेल्या.

पंच पुढं आले. "पाठीवर नंबर पाहिजे. नंबर नसेल तर मी संघ बाद करीन."

मग अनंता उठला. रेघा मारायच्या फक्कीचं घमेलं कडेला पडलं होतं. त्यात त्यानं तांब्यातलं पाणी ओतलं, बोट बुडवलं आणि सोमाच्या पाठीवर मोठ्ठा एकाचा आकडा काढला. काशी उठली, तिनं दुसऱ्याची पाठ धरली. तिला अक्षर येत नव्हतं. राघो तिला "दोन, मावशे, बदकावानी काढ," असं सांगत होता. काळ्यासावळ्या पाठींवर पांढरे आकडे उमटले.

"संघाचं नाव काय लावू?" गुणलेखकानं भांबावून विचारलं.

"फोल्डिंग खातं," सोमा म्हणाला.

लाऊडस्पीकरवाला भाड्यानं आणलेला, भिवंडीचा. त्याला कंपनीचं देणंघेणं नव्हतं. त्यानं खच्चून पुकारलं, "फोल्डिंग खातं विरुद्ध अंबरनाथ!" आणि मैदानाच्या कडेनं जो आवाज उठला, तो म्हणे कल्याणच्या पुलापर्यंत गेला. निदान कोनची माणसं तसंच सांगतात.

सामना मात्र ते हरले. जिद्दीनं खेळले, पण अंबरनाथचा संघ तगडा होता, आणि शेवटच्या चढाईत सोमाचा घोटा पकडला गेला. मध्यरेषेकडे हात लांबवून तो मातीत पडला, तेव्हा पाठीवरचा आकडा घामानं केव्हाच वाहून गेला होता. शेठ बक्षीस समारंभाला थांबले नाहीत. जिंकलेल्या संघाचा कप्तान आपला कप घेऊन सोमाजवळ आला आणि म्हणाला, "दादा, हा घेताना आम्हालाच कसंसं होतंय." सोमानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "न्या. जिंकलाय ना तुमी? त मंग न्या."

दुसऱ्या दिवशी सोमाच्या हातात सस्पेंडचं पत्र पडलं. चौकशी झाली, आणि चौकशीनंतर नोकरी गेली. सातांपैकी दोघांनी नोकरी वाचवायला माफी लिहून दिली. राघो त्यांना शिव्या द्यायला लागला, तेव्हा सोमानं त्याला गप्प केलं. "त्यांनी शर्ट काढला होता. त्या दिवशी काढला होता, यवढं पुरं हाय."

मग वाईट वर्षं आली. ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सोमा गोदामांवर कापडाच्या गाठी उचलायला जाऊ लागला. चढाईनं कमावलेले गुडघे ओझ्यानं गेले. द्रौपदी दोन-दोन कारखान्यांत कांड्या भरायची. कधी चिडली की म्हणायची, "समोरून करा म्हनलं ती मीच शानी!" आणि मग स्वतःच हसायची. फोल्डिंगच्या लोकांनी ठाण्याच्या लेबर कोर्टात दावा लावला, त्यात सोमाही होता. तारखा पडत राहिल्या. बरेच जण थकले, हिशोब घेऊन मोकळे झाले. वैजयंतचे मात्र गुजरातमध्ये एकाचे दोन प्लांट झाले.

मधे एकदा कंपनीचा माणूस नारपोलीला आला. नवा संघ उभा करायचाय, कोच म्हणून ये, फक्त झाल्या गोष्टीबद्दल खेद वाटतो असं दोन ओळीत लिहून दे. सोमा तेव्हा गाठी उचलून आला होता, खांद्याची सालटी निघाली होती.

"खेद हाय," तो म्हणाला. "शेवटच्या चढाईत मी उजवीकडं वललो, तवा डावीकडं वलाया पायजे होतं. यवढा येक खेद हाय. लिवून घ्या."

कोर्टात सुधीर ओक कंपनीचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. केस पांढरे झाले होते. त्यांनी कंपनीला हवं तसंच सगळं सांगितलं: कंत्राट कायदेशीर, खातं वेगळं, सोमानं बेशिस्त केली. सोमाकडे त्यांनी बघितलंही नाही. मग कामगारांच्या वकिलानं विचारलं, "कप्तानानं इतरांना शर्ट काढायला सांगितलं का?"

"नाही," ओक म्हणाले. "त्यानं स्वतःचा काढला. बाकीच्यांनी आपापले काढले."

"आणि फोल्डिंगचं काम बंद झालं होतं का?"

कंपनीचा वकील उठून काही बोलायला गेला, पण ओकांचं उत्तर आधीच आलं होतं. "काम एक दिवसही बंद नव्हतं. तीच टेबलं, तेच कापड."

शहाण्णव साली निकाल लागला. कंत्राट नावापुरतंच आहे, माणसं परत घ्या. कंपनी वरच्या कोर्टात गेली, तिथंही फारसं काही हाती लागलं नाही. अनंताचं वय तोवर उलटून गेलं होतं. त्याला मागचं देणं मिळालं, काम नाही. परत जाण्याइतके उरले होते ते मूठभर, त्यांत सोमा आणि काशी. कंपनीला वाटलं होतं, म्हातारी झालेली माणसं पैसे घेऊन घरी बसतील. ती भोंग्याला हजर झाली.

नव्या साहेबानं त्यांना फोल्डिंगच्या दाराशी एका बाकावर बसवलं. म्हणाला, "तुम्हाला द्यायला काम नाही. बसून राहा." कंटाळून जातील, असा हिशोब. सोमा बसला. समोरच्या टेबलांवर कंत्राटदाराची माणसं घड्या घालत होती. ना ओळखपत्र, ना रजा. बारा बारा तास उभी. दुपारी त्यातला एक दाढीवाला माणूस डबा घेऊन भीतभीत बाकापाशी आला.

"चाचा, सुना है आप लोग केस जीत के आए हो."

"हां."

"आपका तो हो गया. हमारा क्या?"

काशी सोमाकडे बघून गालातल्या गालात हसली. सोमानं गुडघा चोळत चोळत बाकावर सरकून जागा केली.

"बैठो," तो म्हणाला. "कब से काम पे हो, पहिले ये बताओ. और बाकी लोगों को भी बुलाओ. मेरेको यहाँ कुछ काम नहीं है, पूरा दिन पडा है."